शिकाऊ समुपदेशकाशी बोललेलं कुठवर जातं?

काकूंनी फॉर्म वाचला नव्हता. दोन पानांचा इंग्रजी फॉर्म, शेवटी सहीची रेघ. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली, पेन माझ्याकडे सरकवलं आणि पदर सारखा करून बसल्या. मी तेव्हा एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एका संस्थेच्या समुपदेशन केंद्रात माझी इंटर्नशिप नुकतीच सुरू झाली होती. समुपदेशक विद्यार्थी आहे, तिच्या कामावर वरिष्ठांची देखरेख असते, सेशनच्या नोंदी शिकण्यासाठी वापरल्या जातात, हे सगळं त्या फॉर्मवर छापलेलं होतं. काकूंना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या सेशनला त्यांची नजर माझ्या वहीवर गेली.

"हे कुणी वाचतं का हो मॅडम?"

"आमचे सर वाचतात. मी बरोबर करतेय ना, ते बघायला."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सर म्हणजे पुरुषमाणूस? मागच्या वेळी मी जे बोलले, तेपण त्यांनी वाचलं?"

वाचलं होतं. त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट, तीस वर्षांत सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेली. ती मी घरी जाऊन आठवेल तशी शब्दन् शब्द लिहून काढली होती आणि सरांनी समासात पेन्सिलीने शेरे लिहिले होते. कागदोपत्री माझं काहीच चुकलं नव्हतं, सही होती. पण काकूंची संमती माझ्याकडे नव्हती.

आता मी स्वतः शिकणाऱ्या मुलामुलींच्या कामावर देखरेख करते. त्यांना हे सगळं वर्गात शिकवलं जातं. समोरच्या खुर्चीत बसणाऱ्याला मात्र कुणी शिकवत नाही. म्हणून हे त्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

शिकाऊ म्हणजे कोण

पोहणं जसं काठावर बसून येत नाही, तसं समुपदेशनही नुसतं वाचून येत नाही. त्यामुळे मानसशास्त्राचं एम. ए., समुपदेशनाची पदविका, समाजकार्याचं एम. एस. डब्ल्यू., क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम. फिल. अशा अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना खऱ्या माणसांबरोबर काम करावं लागतं. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात, कॉलेजच्या समुपदेशन कक्षात, शाळेत, एखाद्या सामाजिक संस्थेच्या केंद्रात किंवा कमी फी घेणाऱ्या क्लिनिकमध्ये तुम्हाला पहिल्यांदा भेटणारी व्यक्ती विद्यार्थी असण्याची बरीच शक्यता असते.

इथे पाट्यांचा थोडा गोंधळ आहे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. या परिषदेला १९९२ च्या कायद्याने अधिकार मिळाले आणि नोंदणी झालेल्या प्रत्येकाला तिचा क्रमांक असतो. 'समुपदेशक' किंवा 'थेरपिस्ट' या शब्दांना मात्र असं कुंपण आजवर नव्हतं. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात त्यांचा समावेश झाला आहे, पण त्याची घडी बसायला वेळ लागतो आहे. तोवर समोरची व्यक्ती काय शिकली आहे, अजून शिकते आहे का, हे विचारूनच कळणार. विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

शिकाऊ म्हणजे दुय्यम, असं मात्र मी मुळीच मानत नाही. शिकणारी मुलगी एका सेशनची तयारी दोन-दोन तास करते. तिच्या प्रत्येक वाक्यावर कुणी अनुभवी माणूस विचार करत असतो. वीस वर्षं एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याकडे असा दुसरा डोळा असेलच असं नाही. ती शिकाऊ असण्यात वावगं काही नाही. वावगं आहे ते ही गोष्ट तुम्हाला सांगितली न जाणं. "मी इथली काउन्सेलर आहे" एवढंच सांगून विद्यार्थी असल्याचं झाकलं, तर त्यावर उभी राहिलेली संमती पोकळ असते.

किती कान, कोणते कान

समुपदेशनात गोपनीयता असते, असं सगळेच सांगतात. शिकाऊ समुपदेशकाच्या बाबतीत तिचा अर्थ जरा वेगळा आहे. तुमचं बोलणं एका माणसाच्या पोटात राहत नाही, ते एका ठरलेल्या वर्तुळात राहतं. त्या वर्तुळात कोण कोण आहे, हे जाणून घेणं हा तुमचा हक्क.

पहिला कान देखरेख करणाऱ्याचा, म्हणजे सुपरव्हायजरचा. साधारणपणे दर आठवड्याला विद्यार्थी त्यांच्यासमोर बसतो आणि कुणी काय सांगितलं, आपण काय उत्तर दिलं, कुठे अडकलो, ते मांडतो. पुष्कळदा 'व्हर्बेटिम' लिहून आणायला सांगतात, म्हणजे सेशनमधला संवाद नाटकाच्या संहितेसारखा, तुम्ही काय म्हणालात आणि मी काय म्हणाले, असा. काकूंच्या बाबतीत मी लिहिलं ते हेच. हा कान टाळता येत नाही आणि टाळूही नये. देखरेखीशिवाय शिकाऊ माणसाकडे जाणं तुमच्यासाठीच धोक्याचं आहे. देखरेखच नको असेल, तर शिकून तयार झालेल्या समुपदेशकाची मागणी करणं हाच मार्ग.

दुसरं वर्तुळ गटाचं. बऱ्याच ठिकाणी चार-सहा विद्यार्थ्यांची सुपरव्हिजन एकत्र होते. म्हणजे तुमची गोष्ट, नाव वगळून, आणखी चार-पाच पंचविशीतल्या मुलामुलींच्या कानावर जाते. त्यापुढचं वर्तुळ वर्गातल्या केस प्रेझेंटेशनचं, आणि शेवटचं परीक्षेच्या फाइलचं. एम. ए.च्या विद्यार्थ्याला काही केसेस लिहून फाइल द्यावी लागते आणि बाहेरून आलेले परीक्षक ती चाळून तोंडी परीक्षा घेतात. तुमच्या आयुष्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट 'केस क्रमांक ३' होऊन एखाद्या कॉलेजच्या कपाटात पडून असू शकते. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. बहुतेक जण मनापासून जपतात. पण आहे ते असं आहे, आणि ते आधीच कळायला हवं.

नाव बदललं की झालं, या समजुतीबद्दल इथेच बोलते. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्याकडे १९०० साली व्हिएन्नात एक अठरा वर्षांची मुलगी उपचारांसाठी येत होती. जेमतेम अकरा आठवडे आली आणि मग तिने येणं थांबवलं. १९०५ साली फ्रॉइडने तिची सगळी हकिगत 'डोरा' या टोपणनावाने छापली. तिला विचारलं नव्हतं. आज तिचं खरं नाव, वडील, भाऊ, पुढचं आयुष्य, सगळं कुणालाही शोधून सापडतं. टोपणनावाने तिला झाकलं नाही, कारण तपशील तिचेच होते.

आपल्याकडे तर गाव लहान, नाती दाट. 'श्रीमती क, वय ४७, सांगली जिल्ह्यातल्या गावच्या माजी सरपंच, दोन मुली, थोरली परजातीत दिलेली' एवढं लिहिलं की त्या तालुक्यातलं कुणीही नाव सांगेल. म्हणून ओळख लपवताना नावाबरोबर गाव, हुद्दा, मुलांची संख्या, आजाराचं साल असे दुवे बदलावे किंवा पुसावे लागतात. चांगला सुपरव्हायजर हे करायला लावतो. तुम्हीही सांगू शकता, "वर्गात मांडलंत तरी चालेल, पण माझ्या नोकरीचा उल्लेख नको."

आणि रेकॉर्डिंग. शिकण्यासाठी त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, कारण माणूस आठवून लिहितो तेव्हा नकळत स्वतःच्या चुका गाळतो. पण रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज असतो, रडणं असतं, आणि आवाजाला टोपणनाव देता येत नाही. ते संस्थेच्या रेकॉर्डरवर होणार की विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर? मोबाइल असेल तर फाइल आपोआप त्याच्या क्लाउडवर चढते का? कोण ऐकणार आणि कधी पुसणार? अलीकडे आणखी एक गोष्ट वाढली आहे. तासाभराचं बोलणं टंकून काढायचा कंटाळा येतो, म्हणून ते एखाद्या एआय अ‍ॅपवर टाकून लिखित करून घेतात. विद्यार्थ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण तुमचा आवाज कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर गेलेला असतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे करू देत नाही. तुम्हीही स्पष्ट विचारा, आणि "काळजी करू नका, सगळं गोपनीय असतं" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

सही म्हणजे संमती का

आपल्याकडे संमती म्हणजे सही, असंच होऊन बसलं आहे. बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या सहलीच्या पत्रकावर 'इथे करा' म्हटलं की आपण करतो. कायद्याला मात्र एवढं पुरत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात संमतीची व्याख्या आहे. साध्या मराठीत सांगायचं तर एका ठरावीक उपचारासाठी, जबरदस्ती, दबाव, धमकी, फसवणूक किंवा गैरसमज यांतलं काहीही नसताना दिलेला होकार. तोही कधी, तर त्यातले फायदे, धोके आणि दुसरे पर्याय त्या माणसाला कळेल अशा भाषेत, कळेल अशा पद्धतीने सांगून झाल्यावर. 'कळेल अशा भाषेत' हे शब्द वाचताना मला दर वेळी माझं ते फॉर्मवर ठेवलेलं बोट आठवतं.

'ठरावीक' हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात याचा फार स्वच्छ उलगडा केला. ४४ वर्षांची स्त्री तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारलं, आईने होकार दिला आणि मुलीचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकण्यात आली. न्यायालयाने म्हटलं, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, आणि जिवावरचा प्रसंग नसताना सज्ञान, सुजाण स्त्रीच्या ऐवजी आईचा होकार चालत नाही. खटला शस्त्रक्रियेचा होता, पण त्यातली समज बोलण्याच्या खोलीलाही तंतोतंत लागू पडते. शिकाऊ व्यक्तीशी बोलायला तुम्ही तयार झालात, म्हणजे रेकॉर्डिंगला तयार झालात असं नाही. रेकॉर्डिंगला हो म्हणालात, म्हणजे ते वर्गात ऐकवायला हो म्हणालात असं नाही. कोपऱ्यात दुसरी विद्यार्थिनी 'फक्त बघायला' बसणार असेल, तर त्याचीही परवानगी वेगळी घ्यायला हवी. एकाला होकार, दुसऱ्याला नकार, हे चालतं. आज होकार आणि पुढच्या महिन्यात नकार, हेही चालतं.

अडचण वेगळीच असते. लोकांना हक्क माहीत नसतो असं नाही, त्यांना भीड पडते. बाहेर एका सेशनला हजार-दोन हजार मोजावे लागतात, इथे शंभरात किंवा फुकट होतंय, मग यांना नाही कसं म्हणायचं? पोरगी एवढी प्रेमाने बोलते, तिच्या परीक्षेचं काम आहे म्हणते, तिला कशाला दुखवायचं? सरकारी रुग्णालयात तर केसपेपर काढून तीन तास रांगेत बसलेला माणूस समोर दहा विद्यार्थी उभे राहिले तरी हूं का चूं करत नाही. कायद्यातला 'दबाव' दर वेळी दरडावूनच येतो असं नाही. उपकाराच्या ओझ्यातूनही तो येतो. म्हणून मी विद्यार्थ्यांकडून हे वाक्य पाठ करून घेते, "तुम्ही रेकॉर्डिंगला नाही म्हणालात तरी आपलं सेशन आहे तसंच चालू राहील, फी वाढणार नाही आणि मला वाईटही वाटणार नाही." एवढं म्हटल्यावर दिलेला होकार मला खरा वाटतो. तुम्हाला हे वाक्य ऐकू आलं नाही, तर आपणच विचारावं, "मी नाही म्हटलं तर काय होईल?"

पहिल्या भेटीत आणखीही थोडं विचारून घ्या. तुमच्या सुपरव्हायजर कोण, बाई आहेत की पुरुष, आमच्या गावातल्या किंवा ओळखीतल्या तर नाहीत ना? माझं बोलणं त्यांच्यापर्यंत तोंडी जातं की लिहून? गटात मांडता का, आणि त्या गटात माझ्या कॉलेजचं कुणी आहे का? हा शेवटचा प्रश्न कॉलेजच्या समुपदेशन कक्षात जाणाऱ्या मुलांसाठी फार महत्त्वाचा. तिथे मानसशास्त्र विभागाचेच विद्यार्थी बसत असतील, तर तुमची केस ऐकणारी मुलगी दुपारी कॅन्टीनमध्ये शेजारच्या टेबलावर असू शकते. परदेशी विद्यापीठांत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना तिथल्या प्रशिक्षण क्लिनिकमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंगचा फॉर्म पहिल्याच दिवशी हातात मिळण्याची शक्यता मोठी. त्यांनीही हेच प्रश्न विचारावेत.

जिथे गुपित राखता येत नाही

२०१७ च्या कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि अपवादही तिथेच सांगतं. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होण्याची भीती असेल, न्यायालयाचा किंवा अधिकार असलेल्या यंत्रणेचा आदेश असेल, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल, किंवा उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला माहिती हवी असेल, तर ती देता येते. पण धोका टाळायला जेवढी लागेल तेवढीच. घरच्यांना "त्यांना आज एकटं सोडू नका" एवढं सांगणं पुरणार असेल, तर त्यामागची प्रेमप्रकरणाची सगळी कहाणी सांगायची नसते.

आत्महत्येबद्दल लोक बोलायला घाबरतात, म्हणून प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. तुम्ही म्हणालात, "जगावंसं वाटत नाही." शिकाऊ समुपदेशक तुम्हाला थेट विचारेल, मनात काही ठरवलं आहे का, साधन जवळ आहे का. धोका खरा वाटला तर ती तुम्हाला सांगून सुपरव्हायजरला बोलावेल किंवा फोन लावेल. मग तुमच्याशी बोलूनच घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला कळवतील, मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवतील. पोलिसांची भीती मनातून काढून टाका. विचार मनात येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न करणारी व्यक्तीही तीव्र ताणाखाली होती असं धरून चालावं, तिला शिक्षा करू नये, असं याच कायद्याचं कलम ११५ सांगतं. हे वाचताना कुणाच्या मनात आत्ताच तसं काही असेल, तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

दुसऱ्याला इजा होण्याच्या अपवादामागे एक जुना खटला आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १९६९ साली एका विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारकाला सांगून ठेवलं होतं, की तो एका मुलीला मारणार आहे. विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं गेलं, पण ती मुलगी, तातियाना तारासॉफ, आणि तिचे आईवडील यांना कुणीच सावध केलं नाही. त्याने तिचा खून केला. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं रक्षण करणं हेही उपचारकाचं कर्तव्य आहे. कुठे थांबायचं आणि कुठे बोलायचं, हा वाद जगभर तेव्हापासून चालू आहे.

सगळ्यात अवघड अपवाद मुलांचा. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, समुपदेशकावरही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अडचण अशी, की या कायद्याच्या दृष्टीने सतरा वर्षांच्या मुलीची संमती ही संमतीच नाही. ती विश्वासाने आपल्या मित्राबरोबरच्या शरीरसंबंधांबद्दल बोलली, तरी समोरची बावीस वर्षांची शिकाऊ मुलगी पेचात पडते. मी विद्यार्थ्यांना सांगते, ही मर्यादा मुलांना पहिल्या पाच मिनिटांत, त्यांच्या भाषेत सांगा. पोटातलं सांगून झाल्यावर नियम सांगणं ही माझ्या मते फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. किती सांगायचं हे त्या मुलीला आधी ठरवता आलं पाहिजे.

न्यायालयाबद्दल एक गैरसमज आहे. वकिलाशी बोललेलं कायद्याने सुरक्षित असतं, तसं समुपदेशकाशी बोललेलंही असेल असं लोक धरून चालतात. भारतात तसं संरक्षण नाही. न्यायालयाने मागितलं तर नोंदी द्याव्या लागू शकतात. घटस्फोटाचं प्रकरण चालू असलेल्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणि कायद्यातली एक पोकळीही सांगायला हवी. २०१७ चा कायदा 'मानसिक आजार असलेल्या व्यक्ती'विषयी बोलतो, आणि त्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत साधा समुपदेशक, त्यातून विद्यार्थी, सरळ बसत नाही. नवराबायकोचं पटत नाही, परीक्षेची धास्ती वाटते, नोकरी गेली म्हणून झोप लागत नाही, अशा कारणांनी येणाऱ्याला त्या कायद्याचं छत्र पूर्ण मिळेलच असं नाही. त्याला आधार उरतो तो संस्थेच्या नियमांचा आणि पहिल्या दिवशी झालेल्या बोलण्याचा. म्हणून फॉर्ममध्ये काय लिहिलं आहे हे महत्त्वाचं. तो मराठीत मागा, वाचून दाखवा म्हणा, आणि एक प्रत घरी न्या.

"आमचा मुलगा आत काय बोलतो?"

हा फोन प्रत्येक केंद्रात येतो. बहुतेकदा आईचा, काळजीने भरलेला. "मी त्याची आई आहे, फी मीच भरते, मला कळायला नको का?" मुलगा तेवीस वर्षांचा असतो. आईची माया खरी असते, तरी उत्तर एकच : तो सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय तो इथे येतो की नाही हेही आम्ही सांगणार नाही. शिकाऊ मुलींना हे उत्तर देणं फार जड जातं, कारण समोर आईच्या वयाची बाई असते आणि मोठ्यांना उलट बोलायची सवय नसते. अशा वेळी फोन सुपरव्हायजरकडे द्यावा. तेच नवऱ्याच्या फोनला, सासूच्या फोनला आणि "मी तिचा मामा, पोलिसात आहे" म्हणणाऱ्यालाही लागू.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. पण तिथेही एक समजूत आधीच घालता येते, की धोक्याचं काही असेल तर कळवू, रोजचं बोलणं मुलाचं राहील. समजूतदार पालक हे मान्य करतात. न करणाऱ्यांचं मूल दोन सेशननंतर बोलणं बंद करतं, हे मी बरेचदा पाहिलं आहे.

गोपनीयता सांडते ती बहुधा याहून साध्या जागी. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे बसलेल्याला सगळं ऐकू जातं. रिसेप्शनवरून पूर्ण नावाने मोठ्यांदा हाक मारतात. ऑनलाइन सेशन गच्चीवर घेताना खालून कुणीतरी कपडे वाळत घालायला येतं. विद्यार्थिनी बसमध्ये मैत्रिणीशी "आज एक केस आली ना..." म्हणून बोलू लागते. भाजी मंडईत तुमचा समुपदेशक समोर आला आणि त्याने ओळख दाखवली नाही, तर राग मानू नका. तुम्ही हाक मारेपर्यंत त्याने गप्प राहायचं असतं.

वही कुठे जाते

शिकाऊ समुपदेशकाची एक मर्यादा कुणीच मोठ्याने सांगत नाही : ती जाणार असते. वर्ष संपलं, इंटर्नशिप संपली. किती महिने आहे हे पहिल्याच भेटीत विचारा आणि पुढे कुणाकडे जायचं ते तिच्या शेवटच्या महिन्याआधी ठरवून घ्या. नव्या व्यक्तीला जुन्या नोंदी द्यायच्या की सगळं नव्याने सुरू करायचं, हेही तुम्हालाच विचारलं पाहिजे. अधिकृत नोंदी संस्थेकडे राहतात. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क कलम २५ ने दिला आहे.

विश्वास मोडला असं वाटलं, तर आधी सुपरव्हायजर, मग संस्थाप्रमुख. लेखी द्या आणि पोच घ्या. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार चालू असतील, तर तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, तिथे दाद लागली नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे आणि त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे जाता येतं. विद्यार्थिनी शिकते त्या विद्यापीठाच्या विभागालाही कळवता येतं, आणि ते कळवणं तिचं नुकसान करणं नव्हे. मला कुणी तेव्हा तसं कळवलं असतं तर मी लवकर शिकले असते.

काकू चौथ्या सेशनला येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या आल्या. मी फॉर्म मराठीत लिहून नेला होता, वाचून दाखवला. देखरेखीसाठी केंद्रातल्या एका मॅडम तयार झाल्या होत्या, तेही सांगितलं. रेकॉर्डिंगला त्यांनी नाही म्हटलं, वहीला हो म्हटलं. मग वही उघडायला लावून दुसऱ्या सेशनचं पान काढायला सांगितलं. त्यात मी त्यांच्या सासरच्या गावाचं नाव लिहिलं होतं. तेवढं खोडा म्हणाल्या. मी खोडलं. "अजून दिसतंय," त्या म्हणाल्या. मी ते इतकं गिरवलं की कागद फाटला. मग त्या मागे टेकून बसल्या.